दोन मास

कऱ्हाडच्या तारऑफिसात दिगंबरपंतांचा जन्म गेला होता. यंत्र कडकट्ट करू लागलं की त्यांचे कान टवकारत आणि हात आपोआप लिहू लागे. वादळवाऱ्यात लाइन बिघडायची, मधली अक्षरं गळायची. पण मागचं पुढचं बघून पंत गाळलेला मजकूर जुळवत आणि तो बरोबर निघे. तारमास्तरांनी जुळवलेली तार चुकत नाही, असं गावात म्हणत. ते खरं मानण्यात पंतही मागे नव्हते.

हेच कान त्यांनी कीर्तनाला वाहिले होते. कृष्णाबाईच्या उत्सवात ते पहिल्या रांगेत, पेटीवाल्याच्या शेजारी बसत. बुवांनी पूर्वरंगाला कुठलं पद घेतलं यावरून उत्तररंगात कुठलं आख्यान लागणार, हे ते शेजारच्याला आधीच सांगून टाकत. शेजारचे मोरेश्वर जोशी वैतागून म्हणत, "पंत, बुवांना सांगू द्या की. तुम्ही काय तार मागवली होतीत?"

तर हे कान यंदा मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन पोचले होते. मुलगा प्रसाद तिथं मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता. सून रेणूला सातवा महिना होता. पहिलंच बाळंतपण, म्हणून दिगंबरपंत आणि शोभाताई दोघंही आले. शोभाताईंना स्वयंपाकघर मिळालं. पंतांना मिळाली वरची पाहुण्यांची खोली, खिडकीबाहेर माणसाविना पसरलेली हिरवळ, आणि पलंगाशेजारी जमिनीत बसवलेली एक लोखंडी जाळी.

तिथल्या घरांना भिंतींच्या आतून पत्र्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. तळघरातली भट्टी हवा तापवते आणि ती त्या नळ्यांतून खोलीखोलीत जाळीवाटे वर येते. पण नळीला हवा काय आणि शब्द काय, दोन्ही सारखेच. तळघरात प्रसादचं टेबल होतं. तो खाली फोनवर बोलू लागला की वर जाळीतून ऐकू येई. भट्टी घरघरू लागली की मधले शब्द गळत, थांबली की पुन्हा येत. पंतांना ही लाइन ओळखीची वाटली. जाळीशेजारी खुर्ची ओढून ते जप करायला बसत. जप होई, आणि कानही रिकामे राहत नसत.

एप्रिल संपता संपता त्यांच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, अन्न नकोसं झालं. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली. त्या अंधाऱ्या खोलीतली मुलगी आधी हसून काहीबाही विचारत होती. मग बरगडीखाली एका जागी तिचा हात थांबला, पुन्हा पुन्हा तिथंच फिरला, आणि तिनं पडदा स्वतःकडे वळवून घेतला. "ऑल डन" म्हणताना तिनं पंतांकडे पाहिलं नाही. पंतांनी ते न पाहणं मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. न्याहारी झाल्यावर पंत माळ घेऊन खुर्चीत बसले. खाली प्रसाद आणि रेणू बोलत होते. भट्टी मध्येच घरघरत होती.

"...बाबांच्या..." घरघर. "...दोन मास आहेत." पुन्हा घरघर. "कदाचित तिसरा, पण छोटा..." आणि मग भट्टी थांबली, तेव्हा अगदी स्वच्छ, "बाबांना आत्ता काही सांगायचं नाही. आईला तर नकोच." त्यानंतर रेणूचं नाक ओढणं ऐकू आलं.

माळ हातातच राहिली.

त्या घरात 'मास' हा शब्द काही परका नव्हता. यंदा ज्येष्ठ अधिक होता, आणि अधिक मासात अनारसे करायचे म्हणून शोभाताई आठवडाभर तांदळाच्या पिठावरून रेणूशी घोळ घालत होत्या. कीर्तनात तर महिना म्हणजे मासच. तिथं गर्भ नऊ मास वाढतो आणि संत चार मास एका जागी राहतात. पंतांनी आधी जिवाच्या आकांतानं तो मजकूर रेणूकडे वळवून पाहिला. सातवा लागलाय, म्हणजे दोन मास राहिले, ठीक. पण 'कदाचित तिसरा, पण छोटा' म्हणजे काय? बाळंतपण काय अर्ध्यामुर्ध्या तिसऱ्या मासावर ढकलता येतं? आणि पहिला शब्द तर 'बाबांच्या' होता.

त्यांनी गळलेली अक्षरं भरली. बाबांच्या आयुष्याचे दोन मास आहेत. कदाचित तिसरा, पण तोही पुरता नाही. बाबांना सांगायचं नाही.

मजकूर जुळला. कुठंही खोच राहिली नाही.

'महिने' असा रोखठोक शब्द पोराच्या तोंडून निघाला नसेल, म्हणून त्यानं मास म्हटलं, असंही पंतांना वाटलं. लहानपणी मांडीवर घेऊन कीर्तनाला नेत होतो, ते वाया गेलं नाही. त्या घटकेलाही बापाला पोराचं थोडं कौतुक वाटलं, काय म्हणायचं.

पण कौतुक ओसरलं आणि संशयानं घर केलं. सात दिवसांनी मरणार असा शाप लागलेल्या राजाचं आख्यान त्यांनी किती वेळा ऐकलं होतं. प्रत्येक वेळी शेवटाला डोळे पुसले होते. आता त्यांना त्या राजाचा हेवा वाटला. त्याला निदान तोंडावर सांगितलं होतं. त्यानं मुदत हाताशी धरून देवाचं नाव ऐकत ती सोन्यासारखी घालवली. इथं आपलीच माणसं आपली मुदत तळघरात लपवून बसली आहेत.

त्या दिवसापासून पंतांशी सगळंच बोलू लागलं. रेणू त्यांच्यासाठी मऊ भात वेगळा लावी, का? प्रसाद दुपारीच ऑफिसातून येऊन "बाबा, बरं वाटतंय ना?" विचारी, का? तपकिरीची डबी दिसली की तोंडाचा पट्टा सोडणाऱ्या शोभाताई आता डबीकडे पाहूनही गप्प राहत.

"आज तपकिरीवरून बोलली नाहीस?" पंतांनी एकदा खडा टाकून पाहिला.

"तापलेल्या माणसाला काय बोलायचं."

"तुला कुणी काही सांगितलंय का?"

"कशाबद्दल?"

"काही नाही."

"मग विचारता कशाला? आणि अहो, त्या जाळीजवळ बसू नका बरं. गरम हवा सारखी तोंडावर येते."

पंतांनी बायकोकडे निरखून पाहिलं. जाळीजवळ बसू नका, हे आजच का? 'आईला तर नकोच' असं प्रसाद म्हणाला होता खरा, पण मायलेकांचं काय सांगावं. त्यांनी खुर्ची हलवली नाही. स्वतःचं मात्र त्यांनी पक्कं ठरवलं. हिला ठाऊक नसेल तर आपणही सांगायचं नाही. दूर देशात, सुनेचं बाळंतपण तोंडावर असताना, हिच्या डोक्यावर हा धोंडा कशाला.

मग स्कॅन झालं. त्या दिवशी प्रसाद जेवताना पानाकडे बघतच म्हणाला, "बाबा, एक छोटी प्रोसीजर करायचीय. रेडिओलॉजीवाले करतील."

"रेडिओलॉजी म्हणजे फोटो काढणारे ना?"

"हो."

"फोटो काढणारे कसली प्रोसीजर करतात?"

"इंटरव्हेन्शनल म्हणतात त्याला. चिरफाड नाही. आतलं चित्र बघत बघत बारीक सुई घालतात आणि थोडं काढून टेस्टला पाठवतात."

"काय काढून?"

प्रसादनं भाताचा घास उगाच कालवला. "जे असेल ते."

पंतांनी पुढं विचारलं नाही. त्यांचे मित्र गुरुनाथ यांनाही असंच काही छोटंसं आहे म्हणून मिरजेला नेलं होतं. तिथंही दारावर 'रेडिओ'नं सुरू होणारीच पाटी होती. आत शेक दिले. गुरुनाथ परत आले ते नुसती कातडी पांघरून, आणि पुढच्या उत्सवाला पहिल्या रांगेतली त्यांची जागा रिकामी होती. घरच्यांनी शेवटपर्यंत त्यांना 'पित्त आहे' म्हणून सांगितलं.

समोर सोफ्यावर रेणू सुजलेले पाय उशीवर ठेवून बसली होती. पंत तिच्याकडे पाहत राहिले. बाळाला दोन मास, आपल्यालाही दोन मास. एक दारातून आत येणार, एक बाहेर जाणार. उंबऱ्यावर गाठ पडली तर देवाची दया. तेवढ्यासाठी हे दोन मास धडधाकट हवेत, हिंडते-बोलते हवेत. सुया टोचून, शेक देऊन ते वाया घालवू द्यायचे नाहीत. काय वाटेल ते झालं तरी अंगाला सुई लावू द्यायची नाही.

असा निश्चय करून पंत बुधवारी हॉस्पिटलात गेले, आणि म्हणूनच रस्ताभर अगदी शांत होते. प्रसादला वाटलं, बाबांनी मनावर घेतलं नाही, बरं झालं.

डॉक्टरीणबाईंचं नाव हद्दाद. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात धावायचे बूट. त्या आल्या, खुर्ची पंतांच्या गुडघ्यापाशी ओढून बसल्या आणि प्रसादशी न बोलता थेट पंतांशी बोलू लागल्या. पंतांना इंग्रजी येत होतं, पण ते तारेपुरतं; लिहिलेलं, तुटक, एकेका शब्दाला उभं राहणारं. या लोकांचं बोलणं म्हणजे सगळे शब्द एकमेकांत विरघळलेले. बाई बराच वेळ बोलल्या. पडद्यावरची करडी चित्रं दाखवली, कागदावर यकृताचा आकार काढला, त्यात सुईची रेघ ओढली. मग थांबून प्रसादकडे पाहिलं.

प्रसाद म्हणाला, "बाबा, त्या म्हणतात, छोटी प्रोसीजर आहे, दुखणार नाही."

पंत म्हणाले, "एवढंच?"

"हो."

"बाई बोलत होत्या तेवढ्या वेळात बुवांचं एक पद गाऊन झालं असतं. एवढ्या लांब मजकुराची एवढी छोटी तार?"

"बाबा, प्लीज."

"मला सुई घालून घ्यायची नाही. सांग त्यांना."

प्रसादनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यात पंतांनी 'नर्व्हस' हा शब्द ओळखला. आपण नकार दिला आणि पोरानं त्याची भीती केली. बाईंनीही पंतांचा चेहरा पाहिला, मग प्रसादचा पाहिला, आणि उठून भिंतीवरच्या फोनचं बटण दाबलं. थोडा वेळ संगीत वाजलं. मग खोलीभर एका बाईचा मराठी आवाज आला.

"नमस्कार काका. मी दुभाषी बोलते आहे. डॉक्टर जे बोलतील ते सगळं मी तुम्हाला सांगेन, आणि तुम्ही जे बोलाल ते सगळं त्यांना. मधलं काहीही गाळणार नाही. चालेल ना?"

मधलं काहीही गाळणार नाही. पंत खुर्चीत सावरून बसले. कुठून बोलत होती कोण जाणे, पण हेल नागपूरकडचा होता.

"चालेल, बाळ," ते म्हणाले.

"डॉक्टर विचारताहेत, तुम्हाला सुई का नको?"

पंतांनी एकवार प्रसादकडे पाहिलं. मग फोनकडे तोंड करून शांतपणे म्हणाले, "त्यांना सांग, माझे दोनच मास राहिलेत. एवढ्यासाठी आता हे टोचणं कशाला? मला नातवाचं तोंड बघायचंय. त्याआधी मला शेक-बीक देऊन झोपवू नका."

आवाजानं ते इंग्रजीत सांगितलं. बाईंच्या भुवया वर गेल्या. प्रसाद तर उभाच राहिला.

"डॉक्टर विचारताहेत, दोन महिने राहिले हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कुणी. लपवलं. माझ्या मुलानंच बायकोला सांगितलं ते मी जाळीतून ऐकलं."

"मी?" प्रसाद म्हणाला. "बाबा, मी कधी असं बोललो?"

"शनिवारी. 'बाबांच्या दोन मास आहेत. कदाचित तिसरा, पण छोटा. बाबांना काही सांगायचं नाही.' मी आयुष्यभर ऐकून लिहिण्याचंच काम केलंय, प्रसाद."

प्रसाद हळूहळू खाली बसला. त्याचे ओठ हलले, पण हसावं की रडावं हे त्यालाच ठरवता येईना.

"बाबा," तो म्हणाला, "बाबांच्या लिव्हरमध्ये दोन मास आहेत, असं म्हणालो मी. मास म्हणजे महिना नाही. इथले डॉक्टर गाठीला मास म्हणतात. त्यांच्या रिपोर्टात तसंच होतं, तेच तोंडात बसलं. लिव्हरमध्ये दोन गाठी दिसल्यात. तिसरी असेल तर छोटी आहे."

फोनमधून चाचरत आवाज आला, "काका, मी डॉक्टरांना या शब्दाचा घोटाळा समजावून सांगू का? मला तसा नियम आहे." आणि तिनं तो समजावला. समजावताना तिचा आवाज एकदा घसरला आणि तिनं खोकल्यासारखं केलं.

बाई हसल्या नाहीत. पंतही हसले नाहीत. त्यांच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली.

"असं होय," ते म्हणाले. "आणि हे आत्ता सुचलं?"

"म्हणजे?"

"श्लेष काढायला बुवा शिकवतात, प्रसाद. मीही ऐकलेत. एका शब्दाचे दोन अर्थ काढून सुटता येतं. ही गाठ तरी साधी आहे का? तू म्हणालास ना, बाबांना काही सांगायचं नाही. साधी असती तर का नाही सांगायचं?"

फोनमधल्या मुलीनं हेही गाळलं नाही. तिनं ते जसंच्या तसं बाईंना सांगितलं. बाईंनी मान हलवली, खुर्ची आणखी पुढं ओढली आणि एकेक वाक्य बोलून थांबू लागल्या, म्हणजे मागून मराठी येईल.

"डॉक्टर म्हणतात, तुमचा प्रश्न बरोबर आहे. गाठ कसली आहे हे मला माहीत नाही. दोन गोष्टी असू शकतात. एक, पू. भारतातून आलेल्या माणसाला असा ताप आणि यकृतात असा पू झालेला मी पाहिलाय, ते औषधानं आणि पू काढून बरं होतं. दुसरी, कॅन्सर. माझा अंदाज पू असा आहे, पण माझे अंदाज चुकलेले आहेत. सुई आत गेल्याशिवाय मला कळणार नाही, आणि कुणालाच कळणार नाही."

पंत ऐकत होते.

"मोठी गाठ यकृताच्या डाव्या भागात आहे, हृदयाच्या पिशवीच्या अगदी जवळ. पू असेल आणि ती फुटली, तर दोन महिनेही मिळायचे नाहीत. म्हणून थांबू नये असं मला वाटतं. शेक देण्याचं काम माझं नाही. मी आतलं चित्र बघून फक्त वाट शोधते. मोठी रक्तवाहिनी, पित्ताशय, फुप्फुस यांना चुकवून सुई जिथं जायला हवी तिथंच नेते. पण अंग तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला हात लावणार नाही."

'मला माहीत नाही' हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं. जाळीतून, पानावरून, मऊ भातातून सगळे त्यांना काही ना काही कळू देत होते. माहीत नाही असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. पंतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाळ, बाईंना सांग, माझी एक अट आहे. सुईतून जे निघेल ते आधी मला दाखवायचं. मुलाला नाही, बायकोला नाही. आधी मला. मग चांगलं असो की वाईट."

बाईंनी लगेच हात पुढं केला. त्याचा अर्थ दुभाषीनं सांगायची गरज पडली नाही.

प्रसाद बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, सॉरी. खात्री झाल्याशिवाय तुम्हाला कशाला घाबरवायचं, असं वाटलं."

"आणि मी न घाबरता काय करत होतो असं वाटलं तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एका अरुंद पाटावर निजवलं. पाट एका मोठ्या पांढऱ्या कड्यातून आत-बाहेर सरकत होता. हात डोक्यावर नेऊन ठेवायला लावले. पोटावर बारीक धातूच्या रेघांची एक पट्टी चिकटवली. चित्रात त्या रेघा उमटतात, त्यावरून कातडीवर नेमकी कुठं सुई घालायची ते ठरतं, असं प्रसादनं जाताजाता समजावलं. आज तो काहीच गाळत नव्हता. नको तेही सांगत होता. पंतांनी मान उचलून पट्टीकडे पाहिलं. आणखी एक जाळी. ही तरी खरं सांगते का बघू.

आत फोन नव्हता, म्हणून बाईंनी प्रसादकडून दोन मराठी शब्द शिकून घेतले होते. श्वासाबरोबर यकृत खालीवर होतं, म्हणून प्रत्येक वेळी सारखाच श्वास घेऊन धरायला हवा होता.

"दरा," बाई म्हणाल्या.

पंतांनी श्वास धरला. पाट कड्यात गेला, परत आला.

"सोडा."

पुन्हा दरा, पुन्हा सोडा. कीर्तनात बुवांच्या मागं ध्रुपद ओढून धरण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड नव्हतं. फक्त 'धरा'चं 'दरा' ऐकून त्यांना दर वेळी हसू येई आणि ते आवरावं लागे.

कातडी बधिर करणारं औषध आधी मुंगीसारखं चावलं. मग सुई गेली, थोडीशी. आणि अचानक खोलीतले सगळे जण बाहेर निघून गेले. पंत सुईसकट एकटे पडले. सगळे का पळाले? काय दिसलं यांना? कडं घरघरलं, अगदी भट्टीसारखं. मग सगळे परत आले, बाईंनी काचेपलीकडच्या पडद्याकडे बोट दाखवून अंगठा वर केला आणि सुई आणखी थोडी पुढं गेली. पुन्हा सगळे बाहेर. तेव्हा पंतांच्या ध्यानात आलं की किरणांमुळे ते बाहेर जातात, आपल्यामुळे नाही. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून नाम घेतलं आणि कुणाला पळताना पाहिलंच नाही.

"दरा," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. आत, खोलवर, दुखण्यापेक्षा वेगळंच काहीतरी दाबल्यासारखं झालं. "सोडा."

बाई उठून त्यांच्या डोक्याशी आल्या. प्रसाद काचेपलीकडे दोन्ही हात काचेला टेकवून उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी जाड पिचकारी पंतांच्या डोळ्यांसमोर धरली.

आत चिंचेच्या कोळासारखं काहीतरी होतं. दाट, तांबूस तपकिरी, शोभाताई आमटीला काढतात अगदी तसं.

"पस?" पंतांनी विचारलं. तारेपुरतं इंग्रजी एवढं पुरेसं होतं.

"आय थिंक सो," बाई म्हणाल्या. मग बोट वर केलं. "लॅब विल टेल."

म्हणजे माहीत नाही, पण वाटतं. पंतांनी तेवढंच घेतलं, एका अक्षराची भर घातली नाही. त्यांनी हात खाली आणायचा प्रयत्न केला, नर्सनं तो पुन्हा वर ठेवला. मग सुईच्या आतून एक बारीक तार आत गेली, सुई निघाली, तारेवरून मऊ नळी सरकली आणि तारही निघाली. आतल्या आत नळीचं टोक गोल वळून बसतं, म्हणून ती निसटत नाही, हे प्रसादनं नंतर सांगितलं. जन्मभर लोकांच्या घरी तारा पाठवल्या. ही एक आपल्याकडेच आली, असं पंतांच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरले. दुसऱ्या गाठीतून नुसत्या सुईनं उपसलं. तेही तसंच निघालं.

लॅबचं उत्तर चांगलं आलं. जंतूंचा पू, कॅन्सरच्या पेशी नाहीत. औषध म्हणून गोळ्या निघाल्या त्या पोट बिघडलं की कऱ्हाडचा दुकानदार विड्याच्या पानासारख्या सहज हातावर ठेवतो त्याच. पंतांनी गोळीचं नाव वाचलं आणि म्हणाले, "हिला भेटायला एवढ्या लांब यावं लागलं."

खरा हिशेब मात्र घरी व्हायचा होता. शोभाताईंना आता सगळं कळलं होतं, मास आणि महिने दोन्ही. त्यांनी कमरेशी टाचलेल्या नळीच्या पिशवीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"म्हणजे दोन महिने राहिले असं धरून चालला होतात, आणि मला खाली अनारशाचं पीठ मळत बसवलंत?"

"तुला त्रास नको म्हणून."

"प्रसादही हेच म्हणाला. 'आईला त्रास नको म्हणून.' मला वाटायचं तो कुणावर गेलाय." त्या पदर खोचत उठल्या. "आणि मी विचारलं, कशाबद्दल विचारता? तर म्हणे, काही नाही. काही नाही."

कीर्तनात असा प्रसंग आला की बुवा झांज वाजवून वेळ मारून नेतात. इथं झांज नव्हती. ते म्हणाले, "चुकलं."

"तपकीर आजपासून बंद," शोभाताई म्हणाल्या आणि डबी घेऊन खाली गेल्या. पंतांना बऱ्याच दिवसांनी घर नेहमीसारखं वाटलं.

अधिक मास लागला. पिशवीत रोज कमी कमी उतरू लागलं, ताप गेला, आमटीचा वास पुन्हा आवडू लागला. मग नळी काढायच्या आधीचं एक स्कॅन झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पंत माळ घेऊन जाळीशेजारी बसले होते. खाली फोन वाजला. प्रसादचा आवाज वर आला.

"...हो, डॉक्टर..." घरघर. "...तिसरा..." घरघर. "...अजून तसाच..."

पंतांचे कान टवकारले. हात मांडीवर आपोआप लिहायच्या बेतात आला. मजकूर समोर उभा राहू लागला. तिसरा, छोटा, अजून तसाच, म्हणजे औषधाला दाद देत नाही, म्हणजे तो पू नव्हताच, म्हणजे...

त्यांनी माळ खाली ठेवली. कमरेची पिशवी हातात धरली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. स्वयंपाकघरातून शोभाताईंनी पाहिलं. "अहो, कुठं निघालात?"

"तूही चल," पंत म्हणाले.

तळघरात प्रसाद नुकताच फोन ठेवत होता. बाप पिशवी सांभाळत शेवटची पायरी उतरला, मागं आई हाताला पीठ घेऊन उभी राहिली. प्रसादनं न बोलता आपली खुर्ची बापाकडे सरकवली.

पंत बसले. दम लागला होता, तो जाऊ दिला.

"काय म्हणाल्या बाई?" ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग. मध्ये काही गाळू नकोस. मीही काही भरणार नाही."

प्रसादनं भट्टीचं बटण बंद केलं आणि सांगायला सुरुवात केली.